मूल स्टेजवर, आपण खुर्चीत: स्पेलिंग बीला येणाऱ्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गोव्यातल्या मंडळाची इंग्रजी स्पेलिंग बी, म्हणजे तोंडी स्पेलिंग सांगायची स्पर्धा, जवळ आली की फोन सुरू होतात. मुलांचे प्रश्न दोनच असतात, शब्द किती आणि खायला काय. बाकीचे सगळे पालकांचे. मी दारात नंबरांचे बिल्ले वाटते आणि नंतर आई म्हणून खुर्चीत जाऊन बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे दिसतं ते इथे लिहून ठेवलं आहे. नियमपत्रक वेगळं मिळेल. हे पान घरच्या मंडळींसाठी.

तिथे नेमकं होतं काय?

मुलं स्टेजवर ओळीने बसतात. पाळी आली की माईकपाशी यायचं. शब्द देणारे सर किंवा बाई एक इंग्रजी शब्द उच्चारतात. मूल तो स्वतः म्हणून बघतं, हवं ते विचारतं आणि मग एकेक अक्षर मोठ्याने सांगतं. बरोबर असेल तर परत जागेवर. चुकलं तर घंटा वाजते आणि परीक्षक बरोबर स्पेलिंग ऐकवतात. कागद-पेन्सिल नाही. काही मुलं तळहातावर किंवा बिल्ल्याच्या मागे बोटाने लिहून बघतात, ते चालतं.

मुलाला पाच गोष्टी विचारता येतात: शब्दाचा अर्थ, तो नाम आहे की क्रियापद की आणखी काही, वाक्यात कसा येतो, मूळ कुठल्या भाषेतला आणि दुसरा उच्चार आहे का. अक्षरं सांगायला सुरुवात केल्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगता येतं, पण तोंडातून एकदा गेलेलं अक्षर बदलता येत नाही. आणखी एक नियम, जो कोणी वाचत नाही: एखाद्या फेरीत उरलेली सगळीच मुलं चुकली तर कोणीच बाद होत नाही, सगळी पुढच्या फेरीत जातात. हा माहीत नसला की 'चुकलेला तो परत कसा आला?' अशी कुजबूज मागच्या रांगेतून सुरू होते.

टीव्हीवर अमेरिकेतली भारतीय मुलं जिंकताना दाखवतात, ती हीच स्पर्धा का?

प्रकार तोच, पल्ला वेगळा. अमेरिकेत १९२५ साली नऊ वृत्तपत्रांनी मिळून पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. फ्रँक न्यूहाउझर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस' या फुलाच्या नावावर जिंकला. १९४१ पासून ती स्क्रिप्स या माध्यमसमूहाच्या नावाने चालते. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. १९९९ मध्ये नुपूर लाला जिंकली, आणि त्यानंतर भारतीय आडनावांची रीघच लागली. २०१९ मध्ये तर आठ मुलं शेवटपर्यंत चुकेचनात, म्हणून आठही जणांना विजेते जाहीर करावं लागलं. पुढे नियम कडक झाले: शब्दार्थाचे प्रश्न आले आणि बरोबरी झाली तर नव्वद सेकंदांत जास्तीत जास्त स्पेलिंग सांगायची फेरी आली. २०२४ मध्ये बृहत सोमाने त्या नव्वद सेकंदांत २९ शब्द बरोबर सांगितले.

हे ऐकून लगेच 'आपल्या रक्तातच आहे' असं म्हणणारे काका प्रत्येक हॉलमध्ये असतात. रक्तात काही नाही. तिथल्या भारतीय पालकांनी गावोगावी स्वतःच स्पर्धा उभ्या केल्या. नॉर्थ साउथ फाउंडेशन ही संस्था १९८९ मध्ये भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्यासाठी निघाली, आणि पुढे तिने अमेरिकेतल्या भारतीय मुलांसाठी स्पर्धा भरवायला सुरुवात केली. शनिवार-रविवार, कुठल्यातरी शाळेचा हॉल, खुर्च्या मांडणारे पालक, शब्द वाचणारेही पालकच. म्हणजे थोडक्यात आपल्यासारखंच. टीव्हीवर दिसतं ते या कामाचं टोक आहे.

आमचं मूल मराठी शाळेत आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे त्याला उतरवावं का?

उतरवा. गोव्यात चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी हायस्कूल हा अनेक घरांचा रस्ता आहे, आणि पाचवीतलं मूल वाटतं तेवढं मागे नसतं. बाराखडी पक्की असलेल्या मुलाचा कान तयार असतो. लांबलचक शब्द आला की ते त्याचे तुकडे बरोबर पाडतं. इंग्रजी माध्यमाचं मूल कित्येकदा शब्द डोळ्यांनी ओळखतं, त्यामुळे न पाहिलेला शब्द आला की गडबडतं.

अडचण येते ती दुसरीकडे. आपण जसं ऐकतो तसं लिहितो. 'कॅलेंडर', 'डॉक्टर', 'टीचर' या तिन्हींचा शेवट आपल्या कानाला एकच. इंग्रजीत मात्र पहिल्याला ए-आर, दुसऱ्याला ओ-आर, तिसऱ्याला ई-आर. तिथे कान उपयोगाचा नाही, शब्द बघितलेलाच हवा. तसंच 'व'. आपल्या तोंडी एकच 'व' असतो, पण लिहिताना कधी व्ही, कधी डब्ल्यू. 'फ' ऐकू आला की एफ की पी-एच हे ठरवावं लागतं. घरी सराव करताना या तीन जागांवर वेळ घालवलात तर बाकीचं मूल स्वतः बघून घेतं.

आणि अक्षरांची नावं नीट म्हणायला लावा. हे क्षुल्लक वाटतं, पण जुन्या माईकवर बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात, आणि एम-एनचं तर विचारूच नका. 'डबल एल' म्हटलेलं चालतं की दोनदा एल म्हणायचं, हे त्या-त्या स्पर्धेत आधीच विचारून घ्या.

शब्दांची यादी मिळते. ती पाठ करून घेतली की झालं ना?

पहिल्या दोन फेऱ्यांपुरतं झालं. पुढे यादीबाहेरचे शब्द येतात. तिथे पाठांतर संपतं आणि विचार करावा लागतो.

'हा शब्द कुठल्या भाषेतला?' हा प्रश्न मुलं नुसती विचारायचं म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकून विसरतात. खरी किल्ली तीच. ग्रीक म्हटलं की 'फ'साठी पी-एच आणि 'क'साठी सी-एच डोक्यात यायला हवं. फ्रेंच म्हटलं की शेवटचं अक्षर गिळलेलं असू शकतं, 'बुके'च्या शेवटी टी असतोच.

हे समजावायला गोव्यासारखी जागा नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक रस्त्यावर फलक आहेत. मुलाला बसमधून केपेचा फलक दाखवा: सुरुवातीला क्यू, शेवटी एम. डिचोलीच्या शेवटी एम, पेडण्याच्या शेवटीही एम, आणि तो एम कोणी उच्चारत नाही. शेल्डे एक्सने सुरू होतं. म्हापशाच्या स्पेलिंगमध्ये एच कुठेच नाही. हे सगळं पोर्तुगीज कानांनी ऐकून पोर्तुगीज पद्धतीने लिहिलं गेलं. त्यांच्याकडे शेवटचा एम म्हणजे नाकातला उच्चार, आणि एक्स म्हणजे बऱ्याचदा 'श'. स्पेलिंग हे आवाजापेक्षा लिहून घेणाऱ्यावर अवलंबून असतं, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेच्या वाटेवरच कळलेली असते. आपण ती कधी मोठ्याने बोलून दाखवत नाही, एवढंच.

पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत गेलेले शब्दही घरचेच वाटतात: मँगो, मॉन्सून, कोब्रा, मार्मलेड, जॅकफ्रूटमधला जॅक, आणि हॉटेलच्या मेन्यूवरचा व्हिंडालू. मराठीतून गेलेला मुंगूस इंग्रजीत 'मंगूस' झाला: एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. शेवटी 'गूस' दिसतं म्हणून बदकाच्या भाऊबंदाशी त्याचं नातं जोडायचं नाही. म्हणूनच अनेक मुंगूस झाले तरी इंग्रजीत सहसा 'मंगीस' म्हणत नाहीत. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं की आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

सरावाचा एक प्रकार आमच्याकडे चालतो तो सांगते. रात्री जेवणं झाल्यावर शब्द मुलाने द्यायचा, स्पेलिंग आई-बाबांनी सांगायचं, आणि घंटा मुलाच्या हातात. स्टीलचा पेला आणि चमचा पुरतो. बाबा 'नेसेसरी'मध्ये किती सी, किती एस यावर अडकले की मुलाला जो आनंद होतो, त्यात तो शब्द त्याचा कायमचा पाठ होतो.

छापील शब्दकोश घरात नसेल तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलाला एकदा घेऊन जा. १८३२ पासूनची ही संस्था आहे, आणि मुलांचा विभाग वेगळा आहे. मोबाईलवर शब्द शोधला की फक्त तो शब्द मिळतो. जाड शब्दकोशात त्याच्या आजूबाजूचं अख्खं कुटुंब दिसतं आणि शब्द कुठून आला हेही तिथेच छापलेलं असतं.

ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन?

आपल्या शाळांत 'कलर'मध्ये यू असतो, कॉम्प्युटर तो यू खाली लाल रेघ मारून काढायला सांगतो. स्पर्धेत कुठला शब्दकोश प्रमाण धरला आहे ते नियमपत्रकात लिहिलेलं असतं, तोच शेवटचा शब्द. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मेरियम-वेबस्टरचा मोठा कोश चालतो. बऱ्याच स्थानिक स्पर्धा दोन्ही रूपं मान्य करतात, पण गृहीत धरू नका, आदल्या दिवशी फोन करा. स्टेजवर वाद घालून हे ठरत नाही.

मी कुठे बसू? पहिल्या रांगेत बसले तर त्याला धीर येईल ना?

येणार नाही. पहिली रांग रिकामी ठेवा असं आम्ही सांगतो ते पाहुण्यांसाठी नाही.

माईकपाशी उभं असलेलं मूल प्रत्येक अक्षरानंतर कोणाकडे तरी बघतं. आई समोर असेल तर आईकडेच. आणि आईचा चेहरा म्हणजे उघडी उत्तरपत्रिका. 'ए' म्हटल्यावर आईची भुवई नुसती हलली तरी मूल थबकतं, बरोबर असलेल्या अक्षरावरही शंका घेतं. आईला स्पेलिंग येत नसेल तर आणखी वाईट, कारण तिची भुवई नुसत्या काळजीने हलते आणि मुलाला वाटतं आपण चुकलो. मधल्या रांगांत, जरा कडेला बसा. शोधलं तर दिसाल, समोर नजर ठेवली तर दिसणार नाही, अशी जागा. मूल बोलत असताना त्याच्याकडे न बघता शब्द देणाऱ्यांकडे बघा. मी तेच करते. तुमची नजर तिथे गेली की मुलाचीही हळूहळू जाते, आणि खरं बोलणं त्याचं त्यांच्याशीच आहे.

बघायचं काय, तर मूल प्रश्न विचारतं का ते. बरोबर-चूक हे घंटा सांगेलच. त्यासाठी तुम्ही यायची गरज नाही. अनोळखी शब्द आल्यावर मूल थांबलं, अर्थ विचारला, मूळ भाषा विचारली, आणि मग तोंड उघडलं, हे खुर्चीतून दिसतं, आणि त्या दिवशी दिसण्यासारखं तेच असतं. २०२५ ची अमेरिकेतली अंतिम फेरी आठवा. फैजान झाकी हा तेरा वर्षांचा मुलगा. समोरचे दोघेही त्या फेरीत चुकलेले, विजेतेपद हाताशी. 'कॉमेलिना' शब्द आला आणि त्याने काहीच न विचारता के-ए-एम असं सुरू केलं. लगेच त्याच्या लक्षात आलं, पण अक्षरं निघून गेली होती. त्याने स्वतःच घंटा वाजवायला सांगितलं. तिघेही चुकल्यामुळे तिघेही टिकले, आणि शेवटी तोच जिंकला. इतक्या तयारीच्या मुलाला न विचारण्याने फटका बसतो, तर आपल्या पाचवीतल्या बाळाने 'अर्थ सांगता का?' असं विचारलं की कपाळावर हात मारून 'एवढं सोपं येत नाही?' असं का म्हणायचं?

माझे ओठ आपोआप हलतात. काय करू?

हा आजार गोव्यात सार्वत्रिक आहे, आणि त्याचं कारण मला वाटतं आपली नाटकं. देवळाच्या उत्सवात रात्री मराठी नाटक असतं, गावचीच पोरं कामं करतात, आणि विंगेत वही घेऊन कोणीतरी मामा प्रत्येक वाक्य पुटपुटत असतो. नट अडकला की हॉलमधले अर्धे लोकही पुटपुटतात. आपण त्याच मंडपातून स्पेलिंग बीच्या हॉलमध्ये आलेलो आहोत.

पण इथे प्रॉम्प्टिंग केलं तर मूल बाद होऊ शकतं. परीक्षकांना प्रेक्षकांतून मदत झाल्याचं दिसलं तर ते शब्द बदलून देतात किंवा थेट घंटा वाजवतात. खरंच राहवत नसेल तर तोंडात बडीशेप धरा. हसू नका, उपयोग होतो.

व्हिडिओ काढू का?

पहिल्या फेरीत काढा, फ्लॅशशिवाय. नंतर फोन पर्समध्ये. थेट प्रक्षेपण आजोबांना पुण्याला दाखवायचं असेल तर मागच्या भिंतीला टेकून उभे राहा आणि आवाज बंद ठेवा. गेल्या खेपेस कोणाच्या तरी फोनमधून तीच स्पेलिंग चार सेकंदांनी पुन्हा ऐकू येत होती.

शेजारच्या मुलाला 'बनाना' आला आणि माझ्या मुलीला 'लेफ्टनंट'. हा अन्याय नाही का?

आहे. शब्द यादीच्या क्रमाने येतात, नंबर चिठ्ठीने पडतात. परीक्षक फेरीतले शब्द साधारण एका पातळीचे ठेवायचा प्रयत्न करतात, पण एकाला जे सोपं ते दुसऱ्याला नाही. ज्या घरात केळी रोज येतात त्या घरातल्या मुलालाही 'बनाना'त एन किती हे माईकपाशी आठवत नाही. आणि सैन्यातल्या बाबांची मुलगी 'लेफ्टनंट' डोळे मिटून सांगते.

म्हणूनच या स्पर्धेच्या निकालावरून मुलाच्या डोक्याचा अंदाज बांधू नये असं माझं ठाम मत आहे. एक मूल एका वर्षी दुसऱ्या फेरीत जातं आणि पुढच्या वर्षी अंतिम फेरीत असतं. मधल्या काळात ते काही दुप्पट हुशार झालेलं नसतं.

मुलाने बरोबर सांगितलं तरी घंटा वाजली. ओरडू नको तर काय करू?

एका घरातून एकाच माणसाने परीक्षकांच्या टेबलाशी जायचं, तेही ती फेरी संपायच्या आत. नंतर केलेली तक्रार घेत नाहीत, कारण स्पर्धा पुढे गेलेली असते. शांतपणे सांगायचं की आमच्या मते असं-असं ऐकू आलं. रेकॉर्डिंग असेल तर परीक्षक ऐकतात.

तक्रार खरी ठरते ती बहुतेक तीन कारणांनी. शब्द चुकीचा उच्चारला गेला. शब्दकोशात दोन्ही रूपं बरोबर आहेत. किंवा एकाच उच्चाराचे दोन शब्द होते आणि अर्थ सांगितला गेला नाही. 'प्रिन्सिपल' घ्या: शाळेचे मुख्याध्यापक असतील तर शेवट पी-ए-एल, तत्त्व असेल तर पी-एल-ई. मुलाने अर्थ विचारला असता तर प्रश्नच आला नसता, पण शब्द देणाऱ्यांनीही तो आपणहून सांगायला हवा. अशा वेळी परीक्षक बहुधा दुसरा शब्द देतात.

'आमच्या बाईंनी असंच शिकवलंय' हे कारण टेबलावर चालत नाही.

बाद होऊन खाली आल्यावर त्याला काय म्हणू?

आधी पाणी द्या. बोलणं नंतर. कित्येकदा काहीच बोलावं लागत नाही.

काय म्हणू नये ते मात्र सांगता येतं. 'घरी तर बरोबर सांगितलं होतंस' हे सगळ्यात वाईट वाक्य आहे, आणि ते दर वर्षी ऐकू येतं, बहुतेक वेळा प्रेमानेच. त्यात मुलाला ऐकू येतं की तुझ्याकडे होतं ते तू हरवलंस. 'अरे, एवढा सोपा शब्द!' हे दुसऱ्या नंबरवर. तिसरं म्हणजे बाजूच्या मुलाचं कौतुक, त्याच मिनिटाला.

रडलं तर रडू द्या. हॉलच्या बाजूचा दरवाजा आम्ही त्यासाठीच उघडा ठेवतो. अमेरिकेतल्या स्पर्धेत बाद झालेल्या मुलासाठी स्टेजच्या कडेला सोफा ठेवत असत, आई-वडील तिथे येऊन त्याला जवळ घेत. आपल्याकडे सोफा नाही, बाहेर पायऱ्या आहेत. दहा मिनिटांनी बहुतेक मुलं स्वतःच आत यायचं म्हणतात, मित्राची पाळी बघायला. नाही म्हणाली तर कोपऱ्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी खाऊन या. अंतिम फेरीला अजून वेळ असतो.

चुकलेला शब्द त्या दिवशी पुन्हा काढू नका. तो मूल स्वतः काढेल, कधी झोपताना, कधी दोन दिवसांनी बसमध्ये. तेव्हा शब्दकोश उघडा.

आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही. त्यांना आणून उपयोग काय?

आणा, फार उपयोग होतो. ज्यांना स्पेलिंग येत नाही त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर नसतं, नुसतं कौतुक असतं. त्यामुळे मुलांनी आजीकडे बघितलं तर बिघडत नाही. पहिल्या रांगेत बसवायचंच असेल कोणाला तर आजीला बसवा.

आणि काही आजोबांना तुमच्यापेक्षा जास्त येतं. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत शाळेत गेलेली पिढी अजून आहे. 'प्रिमैर', 'सेगुंद' (पोर्तुगीज शाळेतला पहिला, दुसरा टप्पा) केलेले आजोबा पोर्तुगीज मुळाचा शब्द आला की खुर्चीत सरसावून बसतात. तयारीच्या दिवसांत त्यांच्याकडे मुलाला पाठवा. एक्सचा 'श' आणि शेवटच्या एमचा अनुस्वार ते असा ऐकवतात की मुलं विसरत नाहीत. वर्तमानपत्र मराठीच वाचणारी, घरात कोकणी बोलणारी आणि हिशेब पोर्तुगीजमध्ये पुटपुटणारी माणसं आहेत ती. भाषांची ये-जा त्यांना शिकवावी लागत नाही.

मराठीची अशी स्पर्धा का घेत नाही?

हा प्रश्न मला स्वतःला आवडतो. मराठीत तोंडी स्पर्धेला अडचण अशी की शब्द ऐकल्यावर बहुतेक सगळं मिळालेलंच असतं. उरतं ते ह्रस्व-दीर्घ, थोडे श-ष, आणि जोडाक्षरं. पण तेवढंही पुरतं. 'विद्यार्थी'त थ ला दुसरी वेलांटी, 'विद्यार्थिनी'त त्याच थ ला पहिली. हे माईकपुढे न अडखळता सांगणारे किती पालक निघतील?

'व ला पहिली, थ ला पहिली आणि वर रफार, न ला दुसरी' असं म्हणत स्पर्धा घेता येते, आम्ही लहान मुलांच्या गटात गंमत म्हणून घेऊन पाहिली. फक्त कुठले नियम धरायचे ते आधी ठरवावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्याआधी शिकलेली मंडळी 'कवि' आणि 'गुरु' ह्रस्वच लिहितात आणि आपलंच बरोबर असं शपथेवर सांगतात. परीक्षक म्हणून त्यांना बसवलं तर घंटा भलत्याच ठिकाणी वाजेल. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी ही स्पर्धा घ्यावी असं मंडळात बोलणं चालू आहे. परीक्षक कोण, यावर गाडी अडली आहे.

मोबाईल सगळं स्पेलिंग दुरुस्त करतो. मग हे कशाला?

मोबाईल 'प्रिन्सिपल' दोन्ही बरोबरच धरतो. बाकी उत्तर वर आलं आहे.

जिंकलं तर?

तर ट्रॉफी घ्या, फोटो काढा, शब्द देणाऱ्या बाईंचे आभार माना. त्यांना कोणी विचारत नाही. व्हॉट्सॲपवर निकाल टाकताना बाकीच्या मुलांची नावं आणि ती कुठल्या शब्दावर गेली हे टाकू नका, त्यांचे आई-वडील त्याच ग्रुपवर असतात. आणि घरी जाताच पुढच्या वर्षीची यादी काढू नका. चतुर्थी होऊ द्या.

धाकट्या भावंडाला आणलं तर चालेल का? आणि मध्येच निघावं लागलं तर?

चालेल, पण खाऊचं कुरकुरीत पाकीट हॉलमध्ये फोडायचं नाही. माईक ते आवाज आधी पकडतो आणि मुलाचं अक्षर नंतर. बाहेर पडायचं असेल तर दोन मुलांच्या मधल्या वेळात, मागच्या दाराने. नंबराचा बिल्ला परत द्यायला विसरू नका, दर वर्षी सात-आठ कमी पडतात आणि मला रात्री बसून नवे लिहावे लागतात.